इत्यादी

एकतीस वर्षं देवगडच्या कोर्टात
'परंतु असे की' म्हणत उभी राहिले.
आता चष्मा पुसत संगणकासमोर बसते
आणि कायदा लिहिते. नवा नाही, आहे तोच,
फक्त यंत्राला चालवता येईल असा.

रत्नागिरीहून अफशीन मुकादम आली होती,
पाठीला लॅपटॉप, चपलेत वाळू.
म्हणाली, "मॅडम, मला कायदा कळत नाही,
तुम्हाला प्रोग्रॅम कळत नाही,
आणि मधे जो सांगकाम्या बसतो
त्याला दोन्ही अर्धं कळतं.
त्याला उठवू या. तुम्हीच लिहा.
डावीकडे कलम, काना-मात्रा न हलवता.
उजवीकडे त्याच्याच शेजारी
जर, तर, नाहीतर."
जर-तर वरच तर माझी चूल पेटली इतकी वर्षं.

नियम वर, अपवाद त्याच्या खाली,
आणि खालचा बोलला की वरचा गप्प.
एवढं समजलं, मग हात बसला.
वादळात नुकसान झालेल्या मच्छीमारांना भरपाई:
होडी म्हणजे काय, ते एका दुपारी झालं.
वादळ म्हणजे काय, त्याला दोन दिवस,
वाऱ्याचा वेग, तारीख, दाखला कुणाचा.
मग कलम चार.

मच्छीमार म्हणजे होडी, जाळे इत्यादी साधनांनी
मासेमारी करणारी व्यक्ती.

यंत्रानं विचारलं: इत्यादी म्हणजे?

मी चहा मागवला.

कचेरीतले तावडे भाऊसाहेब हा शब्द
छत्रीसारखा वापरत. ओळखीचा आला की उघडायची,
बाकीच्यांसाठी काखेत मिटलेली.
त्यांनाच कशाला बोल? मीही वापरलाय,
एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंनी,
सोमवारी त्यात गरी बसत होती,
गुरुवारी बसत नव्हती. दोन्ही खटले जिंकले.

अर्जांच्या गठ्ठ्यात खालून तिसरा: शेवंती मेथर.
होडी: नाही. जाळे: नाही.
नुकसान: कालवांचा खडक वाळूखाली गेला.
शेरा, पेन्सिलीनं: बघू.

सुकतीच्या वेळी खाडीवर गेले,
साडी खोचून, पोटरीपर्यंत चिखलात.
ती वाकलेली होती, वर न बघता म्हणाली,
"वकिलीनबाय, साधन खयचा?
ही कोयती, नि हे हात.
सुकतीक येतंय, भरतीक जातंय.
खडकच नाय रवलो, आता काय सोलू?"
मला उलटतपासणीला काही सुचलं नाही.

रात्री परत बसले. बोटं कळीवर ठेवली.
सोपं होतं अगदी,
एक ओळ: साधन = होडी किंवा जाळे किंवा कोयती किंवा हात.
कुणाला कळलं असतं?
मला.
कलम मी वाचू शकते, चालवू शकते,
त्याच्या पोटात काही घालू शकत नाही.
तेवढा अधिकार मला कुणी दिला नाही
आणि तावडे भाऊसाहेबांना तरी कुठे दिला होता!

म्हणून ती जागा रिकामी ठेवली आणि अर्ज चालवला.
पात्र आलं नाही. अपात्रही आलं नाही.
पडद्यावर एवढंच:
थांबलो. कलम चार, शब्द सहावा.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा
हा शब्द नावानिशी सापडला,
चिखलात पाय रुतल्यासारखा,
ना पुढे ना मागे.

विभागाला पत्र लिहिलंय.
हात हे साधन आहे काय, कृपया कळवावे.
उत्तर येईल तेव्हा येईल,
माझ्या पत्रांची सवय आहे त्यांना.

शेवंतीनं निघताना डझनभर कालवं दिली होती
कुठल्याशा दुसऱ्या खडकावरची, भेंडीच्या पानात.
ती उघडताना तर्जनी कापली.
कलम पाच नऊ बोटांनी लिहिते आहे,
सावकाश. त्यात 'वगैरे' आहे.